सोळा नंबरची सुई

आमच्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला, की दोन पायऱ्या खाली उतरून टेलरकाकांचं दुकान लागतं. दार बुटकं आहे. नवा माणूस हमखास डोकं आपटतो आणि काका आतून, मान वर न करता म्हणतात, "या. उंची कळली, आता बाकीची मापं घेऊ."

आत फळ्यांच्या बैठकीवर पायाची चार मशिनं एका ओळीत मांडलेली. खिडकीखाली कापड बेतायचं लांब टेबल. कोपऱ्यात इस्त्री, आणि तिच्यापासून चार हात दूर, वाफ लागणार नाही अशा बेताने, फळीवर चावीचा ग्रामोफोन. त्याच्या वर भिंतीला एका तबकडीचं पाकीट चार टाचण्यांनी लावलेलं आहे. रंग उडून गेलेत, पण चार चेहरे अजून ओळखू येतात.

काका आता पंचाहत्तरीचे. बुटके, काटक. गळ्यात टेप. काकू म्हणतात की लग्नाच्या फोटोतसुद्धा हाराच्या खाली टेप दिसते, आणि ते खरं आहे, मी पाहिला आहे फोटो. माणसांचे ते दोनच प्रकार मानतात. माप घेताना पोट आत ओढणारे आणि न ओढणारे. "ओढणाऱ्यांचे कपडे मी न सांगता इंचभर सैल शिवतो," ते म्हणतात. "नाहीतर महिन्यात परत येतात आणि कापड आटलं म्हणून माझ्यावर ओरडतात." मला ते पहिल्या भेटीत म्हणाले होते, "बाई, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. वह्यांची पिशवी हात बदलून धरा." बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खांद्याकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या पाकिटावरच्या चौघांची गोष्ट सांगितल्याशिवाय काकांची गोष्ट पुढे सरकत नाही. दोन भाऊ एका घरचे, दोन बहिणी दुसऱ्या घरच्या. सगळं जग त्यांना नुसतं "चौघं" म्हणायचं आणि आम्हीही तेच म्हणत आलो. ते एकत्र गायले जेमतेम आठ वर्षं. पण त्या आठ वर्षांत त्यांनी जगाला असं काही हलवलं, की दुसऱ्या टोकाला आमच्या एवढ्याशा गावातसुद्धा भांडी वाजली. त्यांच्यासारखे केस आले. त्यांच्यासारखी बाही आली, कोपरापर्यंत घट्ट आणि पुढे घंटेसारखी पसरलेली. काकांनी ती पाकिटावरचं चित्र बघून बेतली आणि निम्म्या गावाला शिवून दिली. पाववाल्याने तशी शिवून घेतली आणि ती कणकेत बुडवली. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक फाटकात पट्टी घेऊन उभे राहत आणि मुलांच्या बाह्यांची रुंदी मोजत. पुढे वर्षभराने तेच मुख्याध्यापक तशीच बाही घालून बक्षीस समारंभाला आले, आणि कुणी हसू शकलं नाही, कारण हसणाऱ्यांच्याही बाह्या तशाच होत्या.

चौघांची गाजलेली गाणी रेडिओवर लागत. ती सगळ्या जगाला पाठ होती, तशी आम्हालाही. पण आमच्या गावचं जे खास गाणं, ते रेडिओवर कधी लागलं नाही. ते काकांच्या तबकडीच्या मागच्या बाजूचं.

काका तेव्हा पंधरा वर्षांचे, याच दुकानात वस्तादांकडे शिकत होते. एका प्रवाशाने कोट शिवायला टाकला, दोन दिवसांनी घेऊन गेला आणि कागदात गुंडाळलेली तबकडी टेबलावर विसरला. परत आला नाही. वस्तादांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग तबकडी वाजायला लागली ती आजपर्यंत. पुढची बाजू सगळ्यांना माहीत होती, म्हणून मागची लागायची. तिचा ठेका पायाच्या मशिनला असा काही चपखल बसला, की चारी कारागिरांचे पाय एकदम वरखाली होऊ लागले. वस्ताद म्हणायचे, गाणं चालू असताना टाके सारखे पडतात. गाण्याच्या मध्यावर एक खट्ट आवाज येई आणि सूर एकदम वर उडी घेई. त्या क्षणी कारागिरांचा पाय थांबे, चारी जण कात्रीने दोरा कापत, चक्! आणि पुढची शिवण सुरू होई.

ही चक् रस्त्यावर गेली. तिथे तिची टाळी झाली. गाणं रस्त्यावरून शाळेत आलं, हॉस्पिटलात गेलं, लग्नात वाजलं. शब्दांचा अर्थ तेव्हा कुणाला कळत नव्हता, पण उच्चार सगळ्यांचे सारखे, आणि मध्यावरची टाळी तर अशी, की कविता शिकवताना मी कुठे नुसती थांबले, तरी मागच्या बाकावरून कुणीतरी ती वाजवायचा. चौघांनी ते गाणं लिहिलं, पण टाळी आमची, असं आम्ही मोठ्या ऐटीत म्हणायचो.

यंदा त्या तबकडीला साठ वर्षं झाली. चौघांपैकी तिघं आता नाहीत. धाकटी बहीण तेवढी आहे, ऐंशीच्या पुढची. तिचं आवडतं म्हणून हे मागच्या बाजूचं गाणं जगभरच्या चोवीस गावांनी एकाच वेळी म्हणायचं आणि तिने ते पडद्यावर बघायचं, असा बेत कुणीतरी आखला. काकांची नात हॉस्पिटलात नर्स आहे. तिने आजोबांना न विचारता दुकानात अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं, चार मशिनं, चार पाय, गाण्याचं पहिलं कडवं, आणि दिलं पाठवून.

तीन आठवड्यांनी ती ड्यूटीवरून धावत आली. अंगात पांढरा कोट, पायात हॉस्पिटलच्या चपला.

"आजोबा! घेतलं! आपल्याला घेतलं!"

"कुठे घेतलं?"

"चोवीस गावांत! चौघांपैकी ती आहे ना, धाकटी, ती ऐकणार आहे आपलं!"

काका टेबलावर खडूने पॅन्ट आखत होते. रेघ जी गुडघ्यापाशी पोचली होती, ती तशीच टेबलाच्या कडेपर्यंत गेली. "ती ऐकणार?" ते म्हणाले. "म्हणजे कानांनी?"

"नाही, डोळ्यांनी," शेजारून आवाज आला. हे घड्याळवाले. त्यांचं दुकान लागूनच आहे आणि मधल्या भिंतीतली खिडकी ते दिवसभर उघडी ठेवतात. काकांचे लहानपणापासूनचे मित्र, आणि मित्राला टोचून बोलण्यात त्यांच्या डोळ्यावरच्या भिंगाइतकेच बारीक.

त्या दिवशी त्या दुकानात शिवणकाम झालं नाही. पाववाला आला, शाळेतल्या दोघी शिक्षिका आल्या, हॉस्पिटलातल्या परिचारिका आल्या. साठ जणांची यादी झाली. काका खुर्चीवर बसायचे, लगेच उठायचे, पुन्हा बसायचे. काकू काजं करत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, एक काय ते ठरवा. तुमच्या उठबशीने मला चक्कर येतेय."

दुसऱ्या आठवड्यात तिकडून सरावासाठी मूळ गाणं आलं, खास साफ करून काढलेलं. कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. सगळे दुकानात दाटीवाटीने उभे राहिले. नातीने फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं.

आवाज इतका स्वच्छ होता की एका बहिणीचा श्वास घेतलेला ऐकू आला. कुणीतरी "आहाहा" म्हणालं, त्याला दहा जणांनी गप्प केलं. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं. मध्यावर आम्ही सगळ्यांनी एकसाथ टाळी दिली आणि पुढची ओळ उंच स्वरात उचलली.

फोनने ती ओळ म्हटली नाही.

फोनमध्ये दोघी बहिणी हळू आवाजात दुसरंच काही म्हणत होत्या. दोन ओळी. कधीही न ऐकलेल्या. त्या संपल्या आणि मग, आम्ही आधीच येऊन थांबलो होतो त्या ओळीपाशी, चौघं येऊन पोचले.

गाणं संपलं. घड्याळवाले खिडकीतून म्हणाले, "तीन मिनिटं दोन सेकंद."

"मग?" पाववाल्याने विचारलं.

"आपलं दोन मिनिटं एक्कावन्न आहे. साठ वर्षं मी मोजतोय. अरे, या गाण्यावर मी घड्याळं तपासून दिली आहेत लोकांना! अकरा सेकंद गेले कुठे?"

"आपली तबकडी उडी मारते," नात हळूच म्हणाली. "ती खट्ट म्हणजे ठेका नव्हेच. तिथे ओरखडा आहे."

सगळ्यांनी फळीवरच्या ग्रामोफोनकडे पाहिलं, आणि मग काकांकडे. मला वाटलं, म्हातारा खचला. ते टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने लावलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा त्या दोन ओळी आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. दोन्ही एकाच वेळी.

"अगं, चौघं वेगळे होऊन पन्नास वर्षांवर झाली," ते म्हणाले. "तिघं तर गेलेच. मी मनाशी धरलं होतं, आता त्यांच्याकडून नवीन काही येणं नाही. आणि हे बघ! आली! एक नाही, दोन ओळी आल्या!" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की टाचण्यांची डबी उलटली. "म्हणतात काय पण त्या? अर्थ सांग."

नातीने ती भाषा शिकून घेतली आहे, या गाण्यांपायीच. तिने पुन्हा कान लावला. "तुझी छत्री माझ्याकडे राहिली आहे," ती म्हणाली. "ऊन पडलं तरी न्यायला ये."

"छत्री!" घड्याळवाले ओरडले. "म्हणून तो तिसऱ्या कडव्यात परत येतो!"

नातीने बाकीच्या गाण्याचा अर्थ सांगितला तेव्हापासून हा वाद आमच्या गावात चालू होता. दुसऱ्या कडव्यात तो निरोप घेऊन जातो आणि तिसऱ्यात दार वाजवतो, ते का? घड्याळवाल्यांचं मत, किल्ली विसरला. काकूंचं मत, भूक लागली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर दोन तट होते. आणि उत्तर होतं छत्री.

आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर घड्याळवाल्यांनी मूळ मुद्दा काढला. "मी सांगतो, कळवून टाका, येत नाही म्हणून. अंगात मुरलेलं आहे ते. आपण टाळी वाजवणार आणि अकरा सेकंद आधी पुढच्या स्टेशनवर जाऊन उभे राहणार. तेवीस गावं एकीकडे, आपण एकीकडे. जगापुढे शोभा."

"आठ दिवस आहेत," काका म्हणाले.

"साठ वर्षांची शिवण आठ दिवसांत उसवतोस?"

"उसवायला वेळ लागत नाही. तुला काय माहीत, तू कधी काही उसवलं आहेस?"

"मी उघडतो ते परत तसंच बसवतो. तुझ्यासारखं नाही."

बऱ्याच जणांना घड्याळवाल्यांचं पटत होतं. पाववाला खाली बघत म्हणाला, "ओरडतील नाहीतर आपल्याला. त्यांच्या गाण्यातलं काढलं म्हणून."

"तुम्ही नाही काढलं," काका म्हणाले. "मी काढलं."

आणि मग त्यांनी साठ वर्षांनी ते सांगितलं. वस्ताद त्या दुपारी जेवायला गेले होते. तबकडी टेबलावर, दुकानात दुसरं कुणी नाही. ग्रामोफोनच्या सुया संपलेल्या. वस्ताद यायला तास होता आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तासभर दम धरवेना. सुई ती सुई, असं त्याला वाटलं. त्याने शिवणाच्या मशिनची सुई काढली, सोळा नंबरची, जाड कापडाची, आणि ग्रामोफोनच्या तोंडात बसवली. गाणं लागलं, आणि मध्यावर सुई अशी घसरली की खर्रकन आवाज झाला. त्याने घाबरून सुई काढली, परत मशिनला लावली. त्याच सुईने त्या दिवशी एका कोटाचं अस्तर शिवलं. महिन्याने वस्तादांनी नव्या सुया आणून तबकडी लावली, मध्यावर उडी आली, आणि वस्ताद म्हणाले, "वा, काय ठेका तोडलाय!" तेव्हा सांगायचं राहिलं ते राहिलंच.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं, त्या ओळी काय आहेत?" नातीने विचारलं.

"कसं असणार? पहिल्यांदाच लावली होती. मला वाटलं, एखादा श्वास गेला असेल फार तर."

काकूंनी काज अर्धवट सोडून सुई कापडात टोचली. "पन्नास वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "आणि हे मला आज, पाववाल्याच्या बरोबरीने कळतंय."

पाववाला दोन पावलं मागे सरकला.

काका उभेच होते. "मला एकदा ते पुरं म्हणायचंय," ते म्हणाले. "त्यांच्यापैकी कुणीतरी ऐकत असताना. ती एकटीच उरली आहे आता. जमलं नाही तर हसं माझं, मी पुढे उभा राहीन. पण न जाता घरी बसायचं नाही."

यावर घड्याळवाल्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं. "संध्याकाळी सहा म्हणजे सहा," ते म्हणाले. "सहा वाजून पाचला आलेल्याला मी आत घेणार नाही."

सराव शाळेच्या सभागृहात सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी साठांपैकी बावन्न जणांनी टाळी वाजवली. ओळी पाठ व्हायला वेळ लागला नाही, छत्रीची ओळ तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ऐकू येऊ लागली. पण ती जागा आली की हात आपोआप उठायचे, आणि टाळी वाजली की जीभ पुढे पळायची. तिसऱ्या दिवशी तेवीस. चौथ्या दिवशी एकोणीस, आणि त्यात खुद्द घड्याळवाले. त्यांनी आपल्याच हाताकडे असं पाहिलं, जसं काही तो दुसऱ्याचा होता.

पाचव्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या होत्या. थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हात रिकामे आहेत म्हणून वाजतात. मी काजं करताना वाजवते का टाळी? हातात काहीतरी द्या त्यांच्या."

"काय देऊ?"

"आता तेही मीच सांगू? गाण्यात काय आहे?"

दुसऱ्या दिवशी साठ जण साठ छत्र्या घेऊन आले. काळ्या, फुलाफुलांच्या, एक तर मुलीची, कान असलेली, ती पाववाल्याकडे होती. ज्यांची कापडं काड्यांपासून सुटली होती ती काकांनी आधीच दुपारभर बसून टाचून दिली होती. टाळीची जागा आली की मिटलेली छत्री दोन्ही हातांनी धरायची आणि ओळ म्हणत म्हणत उघडायची. ओळ संपेपर्यंत ती पुरती उघडली पाहिजे. घड्याळवाल्यांनी मोजून पाहिलं, बरोबर बसत होतं. त्या संध्याकाळी एकही टाळी वाजली नाही. आम्ही इतके हरखलो की छत्र्या उघड्याच ठेवून, आकाश निरभ्र असताना, सगळा घोळका रस्त्याने घरी गेला.

कार्यक्रम शनिवारी, आमच्याकडच्या सकाळी अकराला होता. सभागृहात साठ जण मंचावर, समोर मोठा पडदा. आणि खुर्च्यांवर, खिडक्यांत, दारात, मावेल तेवढं गाव. तीनशे तरी माणसं असतील. काकांनी नवा कोट घातला होता, आणि त्याला ती घंटेसारखी बाही. गळ्यात टेप होतीच.

पडद्यावर चौकोन उमटले. चोवीस गावं. एका चौकोनात बर्फात उभी असलेली माणसं, एकात कोळी बोटीवर, एकात कैद्यांसारखे एकसारखे कपडे घातलेले स्वयंपाकी, एकात नुसत्या आजीबाई. सगळे आमच्याकडे बघून हात हलवत होते आणि आम्ही त्यांच्याकडे. आणि त्या सगळ्यांच्या अंगावर कुठे ना कुठे तीच बाही होती! बोटीवरच्या एका दाढीवाल्याने ती मेणकापडाच्या कोटाला लावून घेतली होती. काका पडद्याजवळ जाऊन बारकाईने बघू लागले. "खांद्याला झोल आहे," ते म्हणाले. नातीने त्यांना मागे ओढलं.

मग मधल्या चौकोनात ती आली. पांढरे केस, मांडीवर शाल, डोळे तेच, पाकिटावरचे. काकांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

गाणं सुरू झालं. चोवीस गावांचा आवाज एकदम उसळला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खुर्च्यांतली माणसंही गाऊ लागली. न गाणार कशी? पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं. साठ जणांनी छत्र्या दोन्ही हातांनी धरल्या.

आणि सभागृह फुटल्यासारखी टाळी वाजली.

मंचावरच्या एकाचाही हात हलला नव्हता. टाळी खुर्च्यांतून आली होती. साठ जणांना आम्ही आठ दिवस शिकवलं होतं, तीनशे जणांना कुणीच काही सांगितलं नव्हतं! ते आपले नेहमीसारखे, जीव तोडून, उंच स्वरात पुढच्या ओळीवर निघून गेले. मंचावर छत्र्या उघडू लागल्या, बिचकत, अर्ध्यामुर्ध्या. पाववाल्याची जीभ खाली बसलेल्यांबरोबर पळाली. घड्याळवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

काका गर्रकन वळले. कॅमेऱ्याकडे पाठ, पडद्याकडे पाठ, तिच्याकडेही पाठ. त्यांनी आपली मोठी काळी छत्री फाडकन उघडली आणि खुर्च्यांसमोर आडवी धरली, रस्त्यावर गाडी अडवावी तशी. तीनशे तोंडं उघडी ती उघडीच राहिली. आणि त्या शांततेत काकांनी एकट्याने ती ओळ उचलली, तुझी छत्री माझ्याकडे राहिली आहे. आवाज फाटका, पण जागेवर. मागून साठ जण आले. त्यांच्या मागून पडद्यातली तेवीस गावं ऐकू आली, सगळी एकाच ठिकाणी. ऊन पडलं तरी न्यायला ये. मग काकांनी छत्री बाजूला केली, जणू फाटक उघडलं, आणि खोळंबलेलं सगळं गाव जगाबरोबर पुढच्या ओळीवर तुटून पडलं.

गाणं संपल्यावर पुष्कळ वेळ नुसता कल्लोळ होता. आजीबाई नाचत होत्या. कोळ्यांनी बोटीचा भोंगा वाजवला. मग मधल्या चौकोनातून ती काहीतरी बोलली आणि आमच्या चौकोनाभोवती पिवळी कड आली. नातीने काकांना पुढे ढकललं.

"ती विचारते, ती टाळी कसली?"

काकांनी एकदा नातीकडे पाहिलं. "सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. सुई माझी होती, हेही सांग."

नातीने सांगितलं. प्रवासी, वस्तादांचं जेवण, मशिनची सुई, दोरा कापायची चक्. म्हातारी कान देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. नात हसू दाबत म्हणाली, "आजोबा, ती विचारते, कितव्या नंबरची सुई?"

"सोळा!"

ती इतकी हसली की शाल खाली पडली. मग शाल उचलता उचलता बोलत राहिली. चौघांचे सगळे कपडे सुरुवातीला त्या दोघी बहिणीच शिवायच्या, ती बाहीसुद्धा. सोळा नंबर तबकडीला जाडच व्हायचा, ती म्हणाली; अकरा नंबर लावला असता तर एखादी ओळ वाचली असती. आणि मग तिने दोन बोटांची कात्री करून हवेत कापली, चक्, अगदी त्या जागेच्या ठेक्यात.

काकांनी आपल्या दोन बोटांनी उत्तर दिलं.

सोमवारी सकाळी मी पडद्यांचं कापड घेऊन दुकानात गेले. चारी मशिनं चालू होती. घड्याळवाले खिडकीत होते आणि काकांचा आवाज बसला आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. "जगाला ऐकवून आला ना. आता आठवडाभर आम्हाला शांतता." काकांनी नुसतंच हसून चावी दिली आणि तबकडी लावली.

नेहमीसारखे पाय वरखाली होऊ लागले. दुसरं कडवं आलं. कारागिरांनी काकांकडे पाहिलं, आता काय करायचं या विचाराने. काकूंनीही काजावरून मान वर केली.

खट्टच्या आधी काकांनी ग्रामोफोनची सुई अलगद उचलली. दुकान शांत झालं. बसलेल्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत, त्यांनी त्या दोन ओळी म्हटल्या. घड्याळवाले मनगटाकडे बघत होते. ओळ संपली तशी काकांनी सुई ओरखड्याच्या पलीकडे टेकवली, चौघं पुन्हा गाऊ लागले, आणि चारी कात्र्यांनी दोरा कापला.

"अकरा," घड्याळवाले म्हणाले.